तत्कालीन अज्ञान

"तुम्ही या प्रकरणात कोण?"

जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात लोखंडी जाळीपलीकडे बसलेल्या कारकुनानं मला विचारलं. अत्तार त्यांचं नाव. टेबलावरच्या पाटीवर होतं. मागं रांग वाढत होती, दोन्ही बाजूंनी वकिलांच्या माणसांचे हात जाळीतून आत घुसले होते.

"मी अज्ञान," मी म्हणाले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अत्तार हसले नाहीत. चष्मा वर सरकवून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी साडी नेसले होते, खांद्याला पर्स होती, आणि कोर्टाच्या भाषेत वयात न आलेल्या लेकराला म्हणतात ते मी स्वतःला म्हणवून घेत होते.

"पालक नेमल्याचं प्रकरण आहे का?"

"हो. माझी आत्या माझी पालक आहे. इंदुमती शेटे. मला परवानगी पाहिजे."

"कशाची?"

"जिल्ह्याबाहेर जायची. मला नांदेडला नोकरी लागलीय."

"परवानग्या देणारे वर बसतात ताई. इथं नकला मिळतात. प्रकरणाचा नंबर काय?"

"माहीत नाही."

"साल?"

"आईवडील गेले त्या वर्षी असेल, नाहीतर पुढच्या. मी पाच वर्षांची होते."

त्यांनी एक छापील अर्ज माझ्याकडं सरकवला. "आधी कागद बघा. हुकूम काय झालाय ते बघितल्याशिवाय वकील तरी परवानगीच्या अर्जात काय लिहिणार? यात दोघांची नावं लिहा, अंदाजानं साल लिहा. बाहेरच्या खिडकीवर कोर्ट फीचा स्टॅम्प मिळतो, तो डकवा. जुन्या वहीत नंबर सापडला की रेकॉर्ड रूममधून फाईल वर येईल. इथं बसून वाचायची. त्यातलं जे पाहिजे त्याची नक्कल मागायची. पक्षकार आहात म्हणजे तुम्हाला कुणी नाही म्हणू शकत नाही."

'नाही म्हणू शकत नाही' हे वाक्य माझ्याबाबतीत मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अर्जात 'प्रकरणाशी संबंध' अशी एक ओळ होती. ती मी कोरीच ठेवली होती. अत्तारांनी पेन घेतलं आणि तिथं लिहिलं, 'तत्कालीन अज्ञान'. मी ते वाचलंसुद्धा. पण माझं सगळं लक्ष व्हरांड्याकडं होतं. ओळखीचं कुणी बघत नाही ना, एवढीच धास्ती.

आमच्या गावात ओळखीचं कुणी नाही असं ठिकाण नव्हतं. आत्याचा शिवणक्लास होता. निम्म्या गावाच्या मुली तिच्याकडं फ्रॉक बेतायला शिकल्या होत्या. तिचे यजमान लग्नानंतर लौकरच गेले, मूलबाळ नव्हतं. माझे आईवडील घाटात जीप उलटून गेले, तेव्हा तिनं मला पदराखाली घेतलं आणि पुन्हा बाहेर काढलं नाही. माझी वेणी ती घाली, माझे कपडे ती शिवी. माझा ताप उतरेपर्यंत ती तोंडात घास घालत नसे. हे सगळं खरं आहे, आणि ते आधी सांगितलं पाहिजे.

पण आमच्या घरात आम्ही दोघी राहत नव्हतो. तिसरं कोर्ट होतं. शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली की आत्या म्हणे, "बाळ, माझी ना नाही. पण कोर्टाची अट आहे, तुला जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही." कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता; कोर्ट आडवं आलं. मग मी गावातच आयटीआयला आरेखनाचा कोर्स केला. पुण्याचं एक स्थळ स्वतःहून चालून आलं होतं, तेही कोर्टामुळं परत गेलं. आत्या कधीच नाही म्हणत नसे. नाही म्हणायचं ते कोर्ट म्हणे, आणि आत्या माझ्याबरोबर बसून हळहळत असे.

लोक मला अजून विचारतात, तेवीस वर्षांची शिकलेली पोरगी तू, मत द्यायला जात होतीस, तुला एवढं कळलं कसं नाही? मी एकदा आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "मतदान वेगळं, कोर्ट वेगळं. लग्न होऊन नवऱ्याच्या हाती देईपर्यंत कोर्टाला जबाब मी द्यायचा." पाच वर्षांची असल्यापासून जे ऐकलं ते माझ्या अंगात हाडासारखं बसलं होतं. आपल्या अंगात हाड आहे की नाही, हे कोण तपासून बघतं?

आईच्या माहेरचं आमच्याकडं कुणी येत नसे. आजी होती, मामा होता, गारवडी नावाच्या गावी. ते शेजारच्या जिल्ह्यात. आत्या म्हणे, "त्यांनी तुझ्यासाठी कोर्टात भांडण मांडलं. तुझ्या नावावरच्या प्लॉटसाठी, दुसरं काय! हरले, आणि तोंड फिरवलं."

पाटबंधारे खात्यातून अनुरेखकाच्या जागेचा हुकूम आला, तेव्हा आत्यानं तो दोनदा वाचला. माझ्या हातावर साखर ठेवली. मग मशीनवर बसून तिनं एक पूर्ण शिवण मारली आणि दोरा तोडत म्हणाली, "नांदेड. किती लांब टाकलंय गं. कोर्ट काही सोडायचं नाही तुला."

"आपण विचारू या ना कोर्टाला," मी म्हणाले. "परवानगी मागू या."

"कोर्ट म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे? जाऊन उभं राहिलं की पुडी बांधून देतील?" ती हसली. "इथंच दुसरं काहीतरी बघू. हजर व्हायची तारीख गेली की ते दुसरं माणूस घेतील. तुझ्याही डोक्याचा ताप जाईल."

त्या हसण्यानं मला कोर्टात नेलं. मी बंड करायला गेले नव्हते, रीतसर परवानगी मागायला गेले होते. आत्याला जमत नाही, भीती वाटते, तर आपणच विचारून यावं, असा माझा सरळ हिशेब होता.

जुन्या वह्या एका दमट खोलीत होत्या. अत्तारांनी शिपायाला बरोबर दिलं, पण नावं मलाच शोधावी लागली. पहिल्या सालात काही सापडलं नाही. दुसऱ्या वहीत पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवत सोडवत मी खाली खाली उतरले. घटस्फोट, वारस दाखले, वेडसर माणसाच्या जमिनीचे अर्ज. आणि मग एका ओळीत आत्याचं नाव, तिच्या विरुद्ध आजीचं नाव, आणि पलीकडं शाईनं, 'कु. वैजयंती, अज्ञान'. मी त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले. शिपाई म्हणाला, "सापडलं ना? लिहून घ्या नंबर." मी नंबर तळहातावर लिहून घेतला.

"उद्या या," अत्तार म्हणाले. "फाईल काढून ठेवतो."

व्हरांड्यातून बाहेर पडताना समोरून गुळवणी वकील आले. आत्याचं सगळं कामकाज तेच बघत. मी पदर पुढं ओढला. पण त्यांनी ओळखलं.

"वैजयंती ना तू? इथं काय काम काढलंस?"

"मैत्रिणीबरोबर आले होते," मी म्हणाले. माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. त्यांनी माझ्या आजूबाजूला पाहिलं, मान हलवली आणि गेले.

घरी आले तर क्लासच्या मुलींना सुट्टी दिलेली. दुपारच्या वेळी मशीन बंद असलेलं मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं माझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. मी खाईपर्यंत ती समोर बसून राहिली.

"गुळवणी आले होते," ती म्हणाली.

मी घास खाली ठेवला.

"मला न सांगता कोर्टात गेलीस, वैजू?"

"परवानगी मागायला गेले होते. तुला त्रास नको म्हणून."

"अगं, तुला कळतंय का काय केलंस ते? पोर एकटी कोर्टात हिंडते म्हटल्यावर जज्ज काय म्हणतील? पालकाचं लक्ष नाही म्हणतील. मला काढून टाकतील आणि तुला नेऊन सरकारी वसतिगृहात घालतील. निराधार बायकांच्यात. तिथं दाराला बाहेरनं कुलूप असतं."

तिचा आवाज चढला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं आणि हात माझ्या पाठीवर फिरत होता. वसतिगृहाचं हे मी पूर्वीही ऐकलं होतं. कधी, ते आठवेना. मी आत्याचा हात घट्ट धरला. तेवीस वर्षांची मी, अनुरेखकाच्या परीक्षेत पहिल्या यादीत आलेली, आणि त्या दुपारी मी तिला म्हणाले, "नाही जाणार. परत नाही जाणार."

"शहाणी गं माझी," ती म्हणाली, आणि उरलेली पोळी तिनं मला भरवली.

सकाळी ती कापड आणायला बाजारात गेली. जाताना नेहमीसारखी हाक मारून गेली. थोड्या वेळानं मी पाण्याची घागर आणायला दार ओढलं, तर ते उघडेना. मला वाटलं, लाकूड फुगलंय. जोर लावला. मग फटीतून पाहिलं. बाहेरून कडी होती, आणि कडीला आमचं पितळी कुलूप.

मी ओरडले नाही. शिवणाच्या खोलीला मागच्या बोळाकडं एक खिडकी होती, मुलींना उजेड यावा म्हणून मोठी केलेली, बिनगजांची. मी मशीन बाजूला सरकवलं, स्टुलावर चढले आणि खिडकीतून खाली उतरले. गुडघा खरचटला. बोळात भांडी घासणारी शेजारीण म्हणाली, "काय गं, दार काय झालं?" मी म्हणाले, "कुलूप आहे." एवढंच. ती माझ्याकडं बघत राहिली, मी चालत राहिले. वाटेत प्रत्येक माणूस आत्याला सांगायला निघालाय असं मला वाटत होतं.

अत्तारांनी मला त्यांच्या टेबलाजवळच्या बाकावर बसवलं आणि फाईल पुढं ठेवली. लाल दोरीनं बांधलेली, चांगली उशीएवढी जाड.

"पालक नेमायचं प्रकरण एवढं जाड नसतं," ते म्हणाले. "वाचा. पान काढायचं नाही, पेन लावायचं नाही."

हुकूम वरच्या बाजूला होता. टंकलेखन फिकट झालं होतं, तरी वाचता येत होतं. आत्याला पालक नेमलं होतं. अज्ञान मुलीला कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेऊ नये, अशी अट होती. म्हणजे आत्या खोटं बोलत नव्हती! मला इतकं हायसं वाटलं की मी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याखालची वाचली. प्रतिवादी ही मुलीची सख्खी आजी असल्यानं दिवाळीत पंधरा दिवस आणि मे महिन्याची पूर्ण सुट्टी मुलीला तिच्याकडं पाठवावं. त्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही.

मी गारवडीला एकदाही गेले नव्हते.

पुढं अर्ज होते. दिवाळीनंतरचा एक, उन्हाळ्यानंतरचा एक, पुन्हा दिवाळीनंतरचा. 'यंदाही मुलीस पाठविले नाही. तरी हुकूम व्हावा.' प्रत्येकाखाली आजीचा अंगठा. प्रत्येकावर आत्याचं उत्तर होतं, गुळवणींच्या सहीसकट: मुलगी आजारी आहे, मुलीला गोवर आला आहे, मुलीची परीक्षा आहे. प्लॉटचा कुठं उल्लेखसुद्धा नव्हता. पानं उलटत गेले तसे अंगठे पुसट होत गेले. किती वर्षं ती बाई एसटीत बसून इथवर येत होती! मी तेव्हा या इमारतीपासून चार गल्ल्या पलीकडं टिक्कर खेळत होते.

मग अर्ज थांबले. शेवटच्या अर्जामागं एक छोटा जबाब होता. न्यायाधीशांनी आपल्या दालनात मुलीला एकटीला बोलावून घेतलेला. वय दहा. 'मला आजीकडे जायचे नाही. मला आजी आवडत नाही. मला आत्याजवळच राहायचे आहे.' खाली गोल, मोठ्या अक्षरांत सही होती. वैजयंती.

ते अक्षर माझं होतं.

आणि मग ती दुपार मला आठवली. उंच खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली होती. आत जाण्याआधी आत्यानं माझ्या वेण्या पुन्हा घट्ट बांधल्या होत्या आणि कानाशी सांगितलं होतं, काय बोलायचं. आणि तसं नाही बोललीस तर कुठं नेतील, दाराला बाहेरनं कुलूप असतं, तेही. मी पाठ केलेली कविता म्हणावी तसं घडाघडा बोलले. बाहेर बाकावर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. ती उठून माझ्याकडं यायला लागली. मी आत्यामागं लपले. ती कोण, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यानंतर कधीच कुठला अर्ज झाला नाही.

मी पदर तोंडात कोंबला. अत्तार उठून आले. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला.

"मला परवानगीचा अर्ज करायचाय," मी कसंबसं म्हणाले. "कुठल्या न्यायाधीशांकडं करू?"

"शेवटचं पान बघितलं का?"

मी नव्हतं बघितलं. त्यांनी ते काढून दिलं. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती. पालक इंदुमती शेटे हजर. मुलगी एकवीस वर्षं पूर्ण होऊन सज्ञान झाली. मालमत्तेचा हिशेब बरोबर. पालकत्व संपुष्टात. प्रकरण बंद. खाली आत्याची सही, तिच्या नेहमीच्या बारीक, देखण्या अक्षरात.

"कोर्टानं पालक नेमला असेल तर अठराला नाही, एकविसाव्याला सज्ञान धरतात," अत्तार म्हणाले. "तुम्हाला कसली परवानगी? आम्ही कोण देणार? मी काल लिहिलं की अर्जात, तत्कालीन म्हणून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगते, जमीन पायाखालून सरकल्यासारखं झालं. कोर्ट होतं तोवर आत्या माझ्या बाजूची होती. आता त्या घरात आम्ही दोघीच उरलो.

"अत्तारसाहेब, काही द्यायचं नाही तिला."

आत्या जाळीशी उभी होती. घामाघूम, चपलांत धूळ, हातात कापडाची पिशवी तशीच. रांग तिनं बाजूला सारली होती. "ती माझी पाल्य आहे. मी पालक आहे तिची. मला विचारल्याशिवाय तिला कागद दाखवलेच कसे?"

"बाई, शांत व्हा."

"कोर्टानं दिलीय मला ती!"

"दिली होती," अत्तार हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही स्वतः येऊन सही केलीय बाई. हे बघा."

सगळी रांग बघत होती. आत्यानं पान बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या पुढ्यात उघडलेली फाईल तिला दिसली. तिचा चेहरा असा झाला, की मी उठले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. आम्ही बाहेर आलो. टायपिंग करणाऱ्यांच्या टेबलांपलीकडं एका दगडी ओट्यावर बसलो.

ती म्हणाली, "गुडघ्याला काय लागलं?"

"खिडकीतून उतरले."

"तेल लावायला हवं."

"आत्या, आजीकडं पाठवायचं होतं मला. दर दिवाळीला."

"हो."

"मी आजारी नव्हते."

"नव्हतीस."

"मग?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. समोर एक टंकलेखक कागद बदलत होता, त्याच्याकडं बघत ती बोलली. "तिथं मामाची चार पोरं होती. विहीर होती, गाई होत्या. तुझ्या आईसारखा चेहरा असलेली बाई होती. माझ्याकडं काय होतं? एक मशीन. पाठवलं असतं, तर तू परत आली असतीस?"

"आले असते," मी म्हणाले.

"तुला काय ठाऊक?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. आता ते कधीच कळणार नव्हतं, तिलाही आणि मलाही. मी तिला विचारायचं ठरवलेलं आणखी बरंच काही होतं, जबाबाचं, कुलपाचं. काहीच विचारलं नाही. ती रडत नव्हती. नुसती बसली होती, कुणीतरी आता आपल्याला घेऊन जाईल अशी वाट बघत बसलेल्या माणसासारखी.

मी आत जाऊन नकलेचा अर्ज भरला. "कुठली पानं?" अत्तारांनी विचारलं. मी फक्त शेवटचं पान सांगितलं. माझा जबाब मी त्या फाईलमध्येच राहू दिला.

मी नांदेडला रुजू झाले. आत्यानं माझी बॅग भरली, पण स्टँडवर आली नाही. पुढं ती बरीच वर्षं जगली. मी सुट्टीत जात राहिले. तिच्या शेवटच्या आजारात तिला माझ्याकडं घेऊन आले, तिच्या अंगाखाली भांडं धरलं. आम्ही कोर्टाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. तिला क्षमा केली का, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. तिच्यावाचून मला दुसरी आई नव्हती, एवढं मी सांगू शकते.

पण रुजू व्हायला जायच्या आधी, त्याच आठवड्यात, मी गारवडीची एसटी पकडली. फाट्यावर उतरून घर विचारलं. सोप्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडला होता. माझी सावली अंगावर पडली तेव्हा तिनं मान वर केली.

"कोन हाय?"

"वैजयंती. तुमच्या कुसुमची लेक."

तिच्या हातातलं सूप कलंडलं. शेंगा सगळ्या सोप्यात पसरल्या. मी खाली बसले. तिनं हात पुढं करून माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी, कानातल्या रिंगासुद्धा. मी वाट बघत होते की ती आता त्या दिवसाचं विचारेल, तू असं का बोललीस म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिनं ते विचारलं नाही. माझी दोन्ही मनगटं धरली आणि घाईघाईनं, कुणीतरी दाराशीच उभं असल्यासारखं हळू विचारलं, "कोरटानं धाडलं व्हय गं? किती दिसाची परवानगी दिलीया?"

"परवानगी नाही आज्जी," मी म्हणाले. "माझी मीच आले."

तिला ते समजायला वेळ लागला. मनगटं तिनं तशीच धरून ठेवली. मग आत तोंड करून, त्या मोडक्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ती ओरडली, "अगं ए, चुलीवर पाणी ठेवा कुणीतरी! पोरगी आलीया. ऱ्हायला आलीया."